पिल्लू पहाटे साडेचारलाच घर उठवतंय? आधी फॉल्ट शोधा

माझं उदगिरात मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे पाण्याच्या मोटारीतली जळकी तार काढून नवी भरायचं, दुकान आहे. जळकी मोटार टमटममध्ये घालून आणणारा शेतकरी खाली उतरायच्या आत निदान सांगतो, "वाइंडिंग गेलंय, भरून द्या." उघडून बघावं तर कुणाचा कपॅसिटर गेलेला, कुणाचं बेअरिंग जाम, कुणाच्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, विजेची एक फेजच येत नाही. तो फॉल्ट तसाच ठेवून वाइंडिंग भरून दिलं, तर आठ दिवसांत मोटार परत दुकानात. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. घरात कुत्र्याचं पिल्लू आलं आणि तीच चूक मी स्वतः तीन आठवडे केली.

पिल्लाचं नाव शेवऱ्या. आमच्या शेजारच्या देवणी तालुक्याचं नाव ज्या गाईला आहे, तिच्यात वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार धरतात. पांढऱ्या अंगावर काळे वेडेवाकडे डाग असलेली ती शेवरा. आमचं पिल्लू गावठी, पण रंगानं अगदी तसंच, म्हणून आईनं नाव ठेवलं. आलं तेव्हा दोन महिन्यांचं होतं, मार्च संपत आला होता. पहिल्या चार रात्री रडण्यात गेल्या, त्याचं काही वाटलं नाही. आईपासून तुटलेलं लेकरू रडणारच. पाचव्या दिवसापासून रात्री गप्प झालं, पण पहाटे साडेचारला भोंगा सुरू. आधी कुं-कुं, मग भुंकणं, मग दारावर नखं.

मी काय केलं? पोट भरलेलं राहिलं तर झोपेल म्हणून रात्री साडेनऊला वाटीभर दूध-भाकरी घालू लागलो. दमलं तर झोपेल म्हणून पोरांना सांगितलं, दहापर्यंत खेळवा. दोन्हींनी त्रास वाढला. एक-दोनदा तर चार वाजताच उठलं.

शेवटी दुकानातलं एक जुनं जॉबकार्डचं पुस्तक घरी आणलं आणि टिपायला बसलो. हे काम कंटाळवाणं आहे, पण बाकीचं सगळं यावर उभं आहे. पाच दिवस लिहा: रात्री शेवटचं कधी खाल्लं, शेवटची शू कधी केली, पहाटे किती वाजता उठलं, उठल्यावर शू भरपूर केली की दोन थेंब, शी केली का, शी घट्ट की पातळ, त्याच्या आधी घरात किंवा गल्लीत काय आवाज झाला, आणि (हे मी सगळ्यात शेवटी लिहायला लागलो) उठल्यावर त्याला काय मिळालं. माझ्या पुस्तकातलं एक पान असं होतं: "४.३५ उठला. शू भरपूर. शी पातळ. लाईट ४.३० ला गेली, कुलर बंद. आईनं बिस्कीट दिलं. ५.१० पर्यंत चप्पल चावली. ६ वाजता गाढ झोपला." सहा वाजता गाढ झोपला! म्हणजे त्याची झोप झालेलीच नव्हती. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसरात्र मिळून १८ ते २० तास झोपतं. ते साडेचारला उठून सहाला परत आडवं होत असेल, तर त्याला कुणीतरी उठवलंय. पोट, आवाज, उजेड, थंडी किंवा आपण.

आता एक हिशेब आधी करून टाका, म्हणजे पिल्लावर उगाच राग निघणार नाही. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते दिवसा शू धरू शकतं. रात्री झोपेत थोडं जास्त. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू रात्री तीन-चार तास, तीन महिन्यांचं चार-पाच, आणि चौथा महिना उलटल्यावर सहा तासांच्या पुढे जायला लागतं. तुम्ही नऊला दिवे मालवून झोपत असाल, तर दोन महिन्यांचं पिल्लू एक वाजता आणि परत साडेचारला उठणार. तो बिघाडच नाही, टाकीच तेवढी आहे. अशा वेळी अकराला एकदा त्याला झोपेतून उठवून बाहेर न्या, मधली एक फेरी मान्य करा आणि महिनाभर कळ काढा. माझं पिल्लू तीन महिन्यांचं होत आलं होतं आणि रात्री मध्ये एकदाही उठत नव्हतं, साडेचारलाच उठत होतं, तेही घड्याळ लावल्यासारखं. नुसती टाकी भरत असती तर वेळ रोज पुढे-मागे झाली असती. रोज तीच वेळ असेल तर समजायचं, सवय लागलीय.

पहिला फॉल्ट सापडला तो रात्रीच्या वाटीत. आपल्याकडे कुत्र्याला दूध-भाकरी घालणं म्हणजे पुण्याचंच काम, पण आईचं दूध सुटलं की पिल्लाच्या पोटात दुधातली साखर पचवणारा रस कमी कमी होत जातो. गाईम्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना त्यामुळे जुलाबासारखं लागतं, शिवाय ते पाणीच की, मूत्राशयात जाऊन बसतं. साडेनऊला घातलेलं पहाटे बाहेर यायची घाई करणारच. मी दूध बंद केलं. शेवटचं खाणं संध्याकाळी सातला आणलं, म्हणजे झोपायच्या तीन-साडेतीन तास आधी. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यायचं, एकदम भरायचं नाही. नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर पिल्लू वाढत नाही, अंडं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पिल्लांचं तयार खाद्य भिजवून द्यावं लागतं. आणि कालवणात कुस्करलेली भाकरी तर नकोच, त्यात कांदा-लसूण असतो, तो कुत्र्याला विषारी आहे. चार दिवसांत शी घट्ट झाली आणि पहाटेची शी बंद होऊन सकाळी खाल्ल्यावर व्हायला लागली.

पाण्याबद्दल गल्लीतल्या एकानं सल्ला दिला, "सहानंतर पाणीच दाखवू नका." हे अजिबात करू नका. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो, पत्र्याची खोली रात्री अकरापर्यंत तव्यासारखी. इतक्या उन्हाळ्यात लहान जीवाचं पाणी तोडणं धोक्याचं आहे. दिवसभर भांडं भरलेलं ठेवा. झोपायच्या तासभर आधी त्यानं एकदम भांडं रिकामं करू नये इतकं बघा, बस. दुसऱ्या एकानं तर माणसांचं सर्दीचं पातळ औषध चमचाभर पाजायला सांगितलं होतं, झोप येते म्हणून. त्यातली काही औषधं कुत्र्याच्या जिवावर बेततात. डॉक्टरनं दिल्याशिवाय थेंबही नाही.

खाणं बदलल्यावर मला वाटलं काम झालं. पण शेवऱ्या साडेचारलाच उठत राहिला. शू थोडीशीच करायचा आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसायचा.

आई पहाटे साडेचारला उठते. तिचं तसंच आहे, मी शाळेत होतो तेव्हापासून. उठली की आंघोळ, देवपूजा, चहा. चहाबरोबर ग्लुकोजची दोन बिस्किटं, त्यातलं दीड तिचं आणि अर्धं शेवऱ्याचं. मी एका पहाटे दाराच्या फटीतून बघितलं. ती पाटावर बसलेली, तो तिच्या मांडीला हनुवटी टेकून, शेपटी फरशीवर फटाफट. मी "आई!" म्हणालो तर तीच माझ्यावर उखडली, "आरं लेकरू भुकेजलंय, कामून डोळे वटारायलास?"

पिल्लानं काय शिकलंय बघा. ओरडलं की दार उघडतं, दिवा लागतो, मायेचा हात फिरतो आणि गोड मिळतं. एवढा पगार असेल तर नोकरीला वेळेवर कोण जात नाही? याच्यात आईची एकटीची चूक नव्हती. ज्या दिवशी ती गावी गेली, त्या दिवशी मीच वैतागून त्याला सहा वाजायच्या आत खायला घातलं, गप्प बसावं म्हणून. आमच्या धंद्याच्या भाषेत, फ्यूज उडतोय म्हणून जाड तार टाकली, फॉल्ट तसाच.

आईला "देऊ नको" म्हणून भागणार नव्हतं. म्हणून मी एवढंच ठरवून घेतलं: बिस्कीट बंद नाही, वेळ बदलायची. साडेसातला, त्याच्या खाण्यानंतर, तो खाली बसला तरच, अर्धं. बिस्किटात साखर आणि मैदा, ते काही औषध नव्हे, पण घरातल्या माणसाशी भांडण करून पिल्लाला वळण लागत नाही. तिनं ऐकलं. त्याच्या जोडीला आणखी एक नियम केला, तो सगळ्या घरानं पाळायचा: उठल्यानंतर पहिली वीस-पंचवीस मिनिटं खाणं नाही. आधी बाहेर, मग थोडा वेळ नुसतं घरात, मग वाटी. उठणं आणि खाणं यांच्यातली गाठ अशी सुटते.

पण सवय तेवढ्यानंही लगेच जात नाही, कारण पिल्लू साडेचारला जागं होतंच. इथं जी युक्ती लागू पडली ती ऐकायला उलटी वाटेल. त्याला उशिरापर्यंत झोपवायचं असेल तर त्याच्या आधी आपण उठायचं.

त्याची वेळ ४.३५ होती. मी मोबाइलवर सव्वाचारचा गजर लावला, उशीखाली, फक्त थरथरणारा. शेवऱ्या झोपेत असतानाच उचलला, मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली ठरलेल्या जागी ठेवला. दिवा लावला नाही, बोललो नाही, गोंजारलं नाही. त्यानं अर्धवट झोपेत शू केली, परत उचलून त्याच्या वाकळीवर ठेवला आणि मी पांघरूण ओढून घेतलं. पहिल्या दिवशी तो पाच मिनिटं कुं-कुं करून झोपला. ओरडून दार उघडलं असं घडलंच नाही, त्यामुळे ओरडायचं कारण उरलं नाही. तीन रात्री सव्वाचार. तीन रात्री साडेचार. मग पावणेपाच. दर तिसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं पुढे. मध्ये एकदा घाई करून एकदम अर्धा तास ढकलला तर तो माझ्या गजराच्या आधी उठून ओरडला. तेव्हा परत मागच्या वेळेवर आलो, तीन रात्री तिथंच थांबलो, मग पुढे. अशानं तीन-साडेतीन आठवड्यांत पावणेसहा गाठले. पिल्लू तेवढ्या दिवसांत वाढतही असतं, टाकीही मोठी होते, म्हणजे काळ आपल्याच बाजूनं असतो.

गजराच्या आधीच ओरडलं तर? दोन महिन्यांचं पिल्लू असेल तर न्यायचंच, त्याला खरंच लागलेली असते. तीन महिन्यांच्या पुढचं असेल तर मिनिटभर ऐका. नुसती कुरकुर असेल तर ती बऱ्याचदा आपोआप विरते. आवाज चढत गेला आणि ते जागेवरून उठून हुंगत फिरायला लागलं, तर शू आहे. उचला, पण तसंच मुकाट्यानं, बाहेर आणि परत. मारू नका, घरात केलेल्या शूवर नाक घासू नका. त्यानं ते फक्त तुमच्यापासून लपून शू करायला शिकतं, पलंगाखाली. घरात झालंच तर काळं फिनाईल ओतू नका. पिल्लू ती फरशी चाटतं आणि ते त्याच्यासाठी घातक आहे. पाण्यात व्हिनेगर घालून पुसलं की वास बऱ्यापैकी जातो.

आवाजांचं म्हणाल तर आपल्या गावात पहाट कधी शांत नसतेच. अजान होते, कोजागिरीपासून महिनाभर देवळात काकडा चालतो, दूधवाल्याची गाडी, घंटागाडी. आधी मी यांनाच दोष देत होतो. वहीनं सांगितलं, रोजच्या ठरलेल्या आवाजाला पिल्लू आठवड्यात सरावतं, कान हलवून परत झोपतं. अडचण होते ती एकाएकी बदल झाला की. आमच्याकडे लाईट गेली की कुलर बंद पडायचा. रात्रभर घुंऽऽ करणारा आवाज अचानक थांबायचा, त्या शांततेत लांबचं कुत्रं भुंकलेलंही ऐकू यायचं, आणि खोली लगेच उकाड्यानं भरायची. इन्व्हर्टरवर एक छोटा टेबल फॅन पिल्लाच्या खोलीत कायम चालू ठेवला, वारा भिंतीकडे, त्याच्या अंगावर नाही. आवाजासाठीच ठेवायचा. याचा उपयोग झाला.

नळाला पाणी यायचा दिवस मात्र वेगळा. ज्यांच्याकडे आठ-दहा दिवसांनी पाणी येतं त्यांना सांगायला नको. चार वाजता कुणीतरी "पाणी आलंऽऽ" म्हणतं आणि सगळ्या गल्लीच्या मोटारी सुरू होतात, घागरी, पाइप, पळापळ. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यातली माणसं आम्ही. नळाला पाणी असताना पिल्लाच्या झोपेसाठी कुणी झोपून राहणार नाही. त्या दिवशी त्याला शू करवायची, चावायला काहीतरी देऊन एका खोलीत ठेवायचं, खाणं नेहमीच्याच वेळेला. एका दिवसानं सवय मोडत नाही, खाण्याची वेळ हलली तर मात्र मोडते.

उजेडाचं कोडं उन्हाळ्यात जास्त जाणवतं. मेअखेरीस आमच्याकडे पावणेसहाच्या आसपास सूर्य उगवतो आणि वीसेक मिनिटं आधीच झुंजूमुंजू होतं. जानेवारीत हेच सातला टेकतं. कुत्र्याची जात मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला चपळ असणारी. त्यात आपण सगळे उन्हाळ्यात गच्चीवर झोपतो. गच्चीवर उजेड अडवायला काहीच नाही, आणि दिवसभरात गार वारा सुटतो तो नेमका तेव्हाच. पिल्लाला वाटतं, आत्ताच खेळायचं, नंतर परत तवा तापणार. त्याचं चूक नाही. आम्ही शेवऱ्याला गच्चीवरून खालच्या खोलीत आणलं, खिडकीला जुनी सतरंजी टांगली, वरची झडप हवेसाठी उघडी. पहिले दोन आठवडे मीही खालीच झोपलो, त्याच्यापासून हातभर अंतरावर. इतक्या लहान पिल्लाला लांब अंगणात साखळीला बांधून झोपवलं तर ते एकटेपणानं रडतं, त्याला तुमच्या श्वासाचा आवाज पुरेसा असतो. झोपायला टमाट्याचं कॅरेट आडवं करून त्यात गोणपाट आणि वर वाकळ. वळता येईल एवढंच मोठं, कारण जास्त जागा असली की एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं.

हिवाळ्यात हाच त्रास थंडीनं होतो. परभणीकडे पारा कधीकधी ५ अंशांच्या आसपास उतरतो आणि सगळ्यात गार वेळ सूर्य उगवायच्या जरा आधीची. लहान पिल्लाला अंगातली ऊब धरून ठेवता येत नाही, ते कुडकुडून उठतं. फरशीवरून उचलून पाटावर, दोन वाकळी, कोपऱ्यात वारा न लागणारी जागा. एवढ्यानं भागतं.

संध्याकाळचं खेळणं मी सहा ते सातमध्ये, खाण्याच्या आधी आणलं, ऊन उतरल्यावर, अंगणातच. लसींचा डोस पूर्ण व्हायच्या आत रस्त्यावर फिरवायचं नाही, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा धोका असतो. दहा वाजता पोरं त्याला पळवायची तेव्हा ते दमून झोपत नव्हतं, चेकाळत होतं. घरभर भिरभिर धावायचं, पायाला चावायचं, आणि मग तुटक झोपायचं. लहान पोर लग्नघरात रात्री बारापर्यंत जागलं की कसं किरकिरं होतं, तसंच. आता साडेआठनंतर दिवे मंद, चावायला एक सुती दोरी, दहाला शेवटची शू.

हे सगळं करूनही पंधरा दिवसांत काहीच फरक नसेल, किंवा आधी नीट झोपणारं पिल्लू अचानक उठायला लागलं असेल, तर वही घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे जा. घडीघडी दोन थेंब शू, शूमध्ये रक्त, सारखं पाणी पिणं, पोट फुगलेलं आणि शीमध्ये भाताच्या दाण्यासारखे तुकडे (ते जंत), अंगभर खाज, कानामागे गोचीड. यातलं काहीही असलं तर कितीही गजर लावा, पिल्लू झोपणार नाही. उलट्या आणि रक्ताची शी असेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच घटकेला न्या. आमच्या उदगिरात आणि परभणीतही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बाकी तालुक्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. डॉक्टरला ती वही फार आवडते. तोंडी सांगताना आपण "सारखं सारखं उठतंय" म्हणतो, वहीत "२.१०, ३.००, ३.४०, दोन-दोन थेंब" असं असतं.

शेवऱ्या आता पाच महिन्यांचा आहे. सहाच्या जरा पुढे उठतो, रविवारी साडेसहापर्यंतही पडून राहतो. मध्ये पाहुणे आले होते तेव्हा चार दिवस परत पाचला उठला. मी काही नवीन शोधत बसलो नाही, पावणेपाचचा गजर लावला आणि तिथून परत पंधरा-पंधरा मिनिटं सुरू केली, आठवड्याभरात गाडी रुळावर. आई साडेचारलाच उठते. स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी घालून चहा पिते, दोन्ही बिस्किटं आता तिचीच.